गुहेतला थर: माणसाचा किती, निसर्गाचा किती?

गुहेत माती साचत राहते. छतावरून दगड गळतात, वाऱ्याबरोबर धूळ येते, पावसाचे पाणी गाळ आणून सोडते, वटवाघळांच्या विष्ठेचे ढीग पडतात. तरस हाडे ओढून आणते, साळिंदर ती कुरतडते. मध्येच कधीतरी माणूस येतो, शेकोटी पेटवतो, दगड फोडतो, शिकार सोलतो आणि निघून जातो. हजारो वर्षांनी पुरातत्त्वज्ञ तिथे चर खणतो तेव्हा हे सगळे एकावर एक, बऱ्याचदा एकमेकांत मिसळलेले, त्याच्यासमोर येते. त्यातले माणसाचे कोणते? आणि माणसाचे म्हणून जे वेगळे काढले, त्यावरून तो माणूस कसा वागत होता हे कुठवर सांगता येते?

या प्रश्नावर दोनशे वर्षे वाद चालू आहे. युरोप, आफ्रिका, चीन आणि इराकमधल्या मोजक्या गुहांची नावे त्यात सतत येतात, म्हणून या आढाव्यातही तीच आधी येतील. भारताकडे शेवटी वळू. मराठी वाचकाला गुहा म्हटले की अजिंठा, वेरूळ, कार्ले आठवते. ती माणसाने कोरलेली लेणी. इथे विषय आहे तो नैसर्गिक गुहांचा, त्यातही बहुतांशी चुनखडीतल्या. दख्खनच्या काळ्या पाषाणात तशा गुहा सहसा तयार होत नाहीत.

सुरुवात: तरसापुढे टाकलेले हाड

१८२१ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या कर्कडेल इथे खाणकामगारांना एका गुहेत हाडांचा खच सापडला. हत्ती, गेंडा, पाणघोडा, तरस अशी, इंग्लंडच्या हवेत न शोभणारी जनावरे. बायबलमधल्या प्रलयाने ती उष्ण प्रदेशातून वाहून आली असणार, हे त्या काळचे सोयीचे उत्तर होते. ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलँड स्वतः धर्मगुरू होते, तरी त्यांनी ते उत्तर घेतले नाही. गुहेचे तोंड लहान होते, अख्खा हत्ती आत शिरणे शक्यच नव्हते. हाडांवर दातांच्या खुणा होत्या. बकलँड यांनी फिरत्या प्राणिसंग्रहालयातल्या जिवंत तरसापुढे बैलाचे हाड टाकले आणि ते कसे फुटते ते पाहिले. कर्कडेलची हाडे तशीच फुटलेली होती. ही तरसांची बीळगुहा होती, आणि हाडे त्यांनीच तुकड्या-तुकड्यांनी आत आणली होती. आज ज्याला आपण प्रयोगाधारित पुरातत्त्व म्हणतो, त्याचा हा फार जुना नमुना.

हेच बकलँड १८२३ मध्ये वेल्समधल्या पॅव्हिलँड गुहेत फसले. गेरूने माखलेला एक मानवी सांगाडा त्यांना मिळाला, सोबत हस्तिदंती वस्तू होत्या. त्यांनी तो रोमन काळातल्या बाईचा ठरवला. तो तरुण पुरुषाचा आहे आणि सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा आहे, हे फार पुढे कळले. जनावरांच्या बाबतीत इतका सावध असलेला माणूस मानवी सांगाड्यापुढे मात्र ठरलेल्या उत्तराकडे गेला. या विषयात हे पुढेही पुष्कळांच्या बाबतीत झाले आहे.

थराला पुरावा म्हणून खरी प्रतिष्ठा मिळाली ती १८५८ मध्ये, दक्षिण इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅम गुहेत. विल्यम पेंगेली यांच्या देखरेखीखालच्या उत्खननात चुन्याच्या अखंड पापुद्र्याखाली नामशेष जनावरांची हाडे आणि दगडी हत्यारे एकत्र मिळाली. वरचा पापुद्रा फुटलेला नव्हता, त्यामुळे हत्यारे नंतर खाली घसरली असे म्हणायला जागा राहिली नाही. माणूस धर्मग्रंथांच्या हिशेबापेक्षा पुष्कळ जुना आहे, हे इंग्लंडमधल्या विद्वानांच्या गळी उतरवण्यात या गुहेचा वाटा मोठा. पुढे १८६५ ते १८८० अशी पंधरा वर्षे पेंगेली यांनी केंट्स कॅव्हर्न ही गुहा खणली आणि प्रत्येक वस्तू कुठल्या भागात, किती खोलीवर मिळाली याची नोंद ठेवली. नोंदवही ठेवून खणणे हे त्या काळी सर्वमान्य नव्हते. युरोपातल्या कितीतरी गुहा केवळ सुंदर वस्तूंसाठी उकरून रिकाम्या झाल्या, आणि त्याची किंमत हा विषय अजून मोजतो आहे.

थर म्हणजे टोळी की काम?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थर वाचण्याची एक पद्धत रूढ झाली होती. प्रत्येक थरातल्या हत्यारांचे प्रकार मोजायचे, प्रमाण काढायचे, आणि प्रमाण बदलले की माणसे बदलली असे समजायचे. फ्रान्समधले फ्रांस्वा बोर्द हे या पद्धतीतले सर्वांत मोठे नाव. कोंब ग्रेनाल या गुहेत त्यांनी निअँडरथल काळाचे पन्नासहून अधिक थर ओळखले, आणि हत्यारांच्या प्रमाणांवरून त्या थरांचे अनेक गट पाडले. त्यांच्या मते हे वेगवेगळ्या जमातींचे गट होते, परंपरा जपणारे आणि एकमेकांत फारसे न मिसळणारे.

१९६० च्या दशकात अमेरिकेचे लुईस बिनफर्ड यांनी यावर बोट ठेवले. एकच माणूस कातडे कमावताना एक हत्यार वापरेल, लाकूड तासताना दुसरे; मग थरांमधला फरक हा कामांचा का नसावा? पॉल मेलार्स यांनी तिसरी शक्यता मांडली, की हे गट बऱ्याच अंशी काळाच्या क्रमाने येतात. हॅरल्ड डिबल यांनी चौथी: हत्यार पुन्हा पुन्हा धार लावून झिजते तसा त्याचा आकार बदलतो, आणि आपण ज्यांना वेगळे प्रकार म्हणतो त्यातले काही एकाच हत्याराच्या आयुष्यातले टप्पे असतात. या चौघांपैकी कोणाचेही म्हणणे पूर्ण खोटे ठरलेले नाही. मात्र एक गृहीतक या सगळ्या वादात कोणी फारसे तपासले नव्हते, ते म्हणजे थर ही एका मुक्कामाची नोंद असते. सेंटिमीटरभर माती साचायला कधी एक पावसाळा पुरतो, कधी काही शतके लागतात. एका थरात पडलेली दोन हत्यारे एकमेकांना कधी भेटलेल्या माणसांची असतीलच असे नाही.

हाडांचा ढीग कोणाचा?

दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाट गुहेत मिळालेली हजारो हाडे पाहून रेमंड डार्ट यांनी १९५० च्या सुमारास एक जोरदार चित्र उभे केले. आपले पूर्वज हाडे, दात आणि शिंगे हत्यारांसारखी वापरत, शिकार करत, एकमेकांनाही मारत. ढिगात काही विशिष्ट हाडेच जास्त होती, म्हणजे ती निवडून ठेवलेली असणार असा त्यांचा युक्तिवाद. हिंसक पूर्वजाची ही प्रतिमा लोकप्रिय लेखनात खूप चालली.

तिला उत्तर दिले बॉब ब्रेन यांनी, आणि तेही डार्ट यांच्यावर टीका न करता. नामिबियातल्या कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांत लोक शेळ्या खाऊन हाडे टाकत, मग कुत्री ती चघळत. ब्रेन यांनी ती उरलेली हाडे गोळा करून मोजली. टणक टोके टिकली होती, मऊ टोके गेली होती; शिल्लक राहिलेल्यांचे प्रमाण माकापान्सगाटच्या ढिगाशी बरेच जुळत होते. निवड माणसाने केली नव्हती, हाडांच्या टणकपणाने केली होती. पुढे स्वार्टक्रान्स गुहेतल्या एका लहान मुलाच्या कवटीमागची दोन भोके बिबट्याच्या खालच्या सुळ्यांच्या अंतराशी बरोबर जुळली. १९८१ च्या ब्रेन यांच्या पुस्तकाच्या नावातच शिकारी की शिकार हा प्रश्न होता, आणि त्या थरांपुरते उत्तर शिकारच्या बाजूने गेले.

ब्रेन यांच्यानंतर गुहेतली हाडे पाहण्याची रीतच बदलली. दगडी पात्याने कापल्याची खूण आणि दाताने कुरतडल्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येते. दोन्ही एकाच हाडावर असतील तर कोणती आधीची हे काही वेळा सांगता येते, म्हणजे माणसाने मारलेली शिकार जनावराने चघळली की जनावराचे उष्टे माणसाने घेतले, हा प्रश्न निदान विचारता येतो. या विषयातली ही बाजू आज सर्वांत भक्कम म्हणायला हरकत नाही.

राख की गाळ?

आगीचा प्रश्न इतका सरळ सुटलेला नाही. बीजिंगजवळच्या झोउकोउडियन गुहेत १९२९ च्या डिसेंबरमध्ये पेई वेनझोंग यांना आदिमानवाची कवटी मिळाली आणि ‘पेकिंग मानव’ जगभर गाजला. तिथले काळपट, राखाडी थर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जळणाऱ्या शेकोट्यांची राख असे मानले गेले, आणि अनेक दशके पाठ्यपुस्तकांत आगीचा सर्वांत जुना वापर म्हणून याच गुहेचे नाव होते. मूळ जीवाश्म १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत हरवले ते आजवर मिळालेले नाहीत. गुहेचे थर मात्र जागेवर होते.

१९९८ मध्ये स्टीव्ह वाइनर, पॉल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या थरांची सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. मातीचा ठोकळा न विस्कटता काढायचा, राळेत घट्ट करायचा, त्याचे कागदासारखे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि खनिजांची ओळख अवरक्त किरणांनी पटवायची, अशी ही पद्धत. तळाच्या ‘राखे’त त्यांना साचलेल्या पाण्यात थरथराने बसलेला बारीक गाळ दिसला. वरच्या जाड ‘राखे’चा मोठा भाग वाऱ्याने आणलेल्या आणि पाण्याने हलवलेल्या मातीचा होता. जागच्या जागी पेटलेली चूल त्यांना मिळाली नाही. जळलेली हाडे मात्र होती, आणि दगडी हत्यारांच्या सोबतीने होती. तेव्हा त्यांचे म्हणणे आग नव्हती असे नव्हते. शेकोटीचा थेट पुरावा नाही एवढेच होते. बातम्यांत हा फरक बऱ्याचदा विरघळून गेला. अलीकडे चिनी संशोधकांनी नव्या उत्खननातून वरच्या थरांत आगीच्या खुणा पुन्हा दाखवल्या आहेत, त्यामुळे झोउकोउडियनची बाजू संपली असे समजू नये.

पद्धत तीच, निकाल वेगळा, असे दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत झाले. २०१२ मध्ये फ्रान्चेस्को बेर्ना आणि सहकाऱ्यांनी सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात वनस्पतींची राख आणि भाजलेले हाडांचे तुकडे दाखवले. जागा गुहेच्या तोंडापासून सुमारे ३० मीटर आत आहे, जिथे वणव्याची झळ पोचणे अवघड. वटवाघळांच्या विष्ठेचा ढीग आपोआप पेटण्याची शक्यताही त्यांनी तपासून बाजूला ठेवली. इस्राएलमधल्या केसेम गुहेत सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची, पुन्हा पुन्हा वापरलेली चूल आता बहुतेकांना मान्य आहे.

पण आग वापरणे आणि आग पाडणे यांत अंतर आहे, आणि सध्याचा वाद त्या अंतरात आहे. डिबल, डेनिस सँडगेद आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या पेश द लाझे आणि रोक द मार्साल या गुहांत एक विचित्र गोष्ट नोंदवली: उबदार काळातल्या थरांत जळलेली गारगोटी भरपूर, कडाक्याच्या थंडीच्या थरांत नगण्य. थंडीत आग कमी कशी? त्यांचा अंदाज असा, की तिथल्या निअँडरथलांना आग पाडता येत नसावी. विजेने लागलेल्या वणव्यातून ती आणत असावेत, आणि थंड काळात वणवे कमी. उलट बाजूने २०१८ मध्ये अँड्र्यू सोरेन्सन यांनी फ्रान्समधल्या निअँडरथल हत्यारांवर पायराइट घासल्यासारख्या खुणा दाखवल्या, म्हणजे ठिणगी पाडण्याच्या. थंडीत माणसे त्या गुहांत थोडाच वेळ थांबत असतील, किंवा सरपण कमी असेल, ही स्पष्टीकरणेही शिल्लक आहेत. जळलेल्या गारगोटीच्या नुसत्या संख्येवरून यातले एक निवडता येत नाही.

पुरलेला की पडलेला?

सगळ्यांत तापलेला मुद्दा दफनाचा आहे. मेलेल्याला मुद्दाम पुरणे यात शोक, आठवण, कदाचित परलोकाची कल्पना असे बरेच काही गृहीत धरले जाते, त्यामुळे दावाही मोठा आणि शंकाही मोठी.

फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सें इथे १९०८ मध्ये बूइसोनी बंधूंना खड्ड्यात आखडून ठेवलेला निअँडरथल सांगाडा मिळाला. हे बंधू धर्मगुरू होते, आणि त्या वेळच्या फ्रेंच विद्वानांतला एक मोठा गट आदिमानवाला धर्मभावना होती हे मानायलाच तयार नव्हता. वादाला पहिल्या दिवसापासून ही किनार आहे. १९८९ मध्ये रॉबर्ट गार्गेट यांनी निअँडरथलांच्या सगळ्या प्रसिद्ध ‘दफनां’वर एकत्र शंका घेतली. गुहेच्या तळाला नैसर्गिक खळगे असतात, छत कोसळते, झोपेत मेलेला माणूस आखडलेलाच असतो. मग हे सगळे मानवी हेतूशिवाय घडले नसेल हे कशावरून? २०१४ मध्ये विल्यम रांदू यांच्या गटाने ला शापेलची जागा पुन्हा खणून तो खळगा नैसर्गिक वाटत नाही आणि मानवी हाडे जनावरांच्या हाडांपेक्षा खूप चांगली टिकली आहेत, असे दाखवले. वर्षभरातच डिबल आणि सहकाऱ्यांनी त्यालाही हरकत घेतली.

याच काळात दोन बालकांच्या सांगाड्यांचे निकाल दोन दिशांना गेले. रोक द मार्सालच्या मुलाचा ‘खड्डा’ नव्या तपासणीत नैसर्गिक ठरला. ला फेरासीच्या सुमारे दोन वर्षांच्या मुलाबाबत मात्र २०२० मध्ये आंत्वान बाल्झो यांच्या गटाने दफनाच्या बाजूने निष्कर्ष काढला: हाडे नैसर्गिक अवस्थेत जुळलेली, थराच्या उताराशी न जुळणाऱ्या कलाने पडलेली, आणि आजूबाजूच्या हाडांसारखी विस्कटलेली नव्हती. सरसकट होय किंवा नाही म्हणण्यापेक्षा एकेक सांगाडा तपासावा, ही भूमिका तेव्हापासून बळकट झाली आहे.

या सगळ्यात सविस्तर पाहावी अशी गुहा म्हणजे इराकी कुर्दिस्तानमधली शानिदर. झाग्रोस पर्वतराजीतल्या या गुहेत राल्फ सोलेकी यांनी १९५१ ते १९६० दरम्यान सुमारे चौदा मीटर खोल चर खणला आणि निअँडरथलांचे नऊ सांगाडे काढले. दहावा, एका बाळाचा, नंतर हाडांच्या संग्रहात ओळखला गेला. त्यांतला क्रमांक १ हा सर्वांना चकित करणारा. डाव्या डोळ्याजवळ जबर मार बसून बरा झालेला, उजवा हात खुरटलेला आणि कोपराच्या वर तुटलेला, ऐकू बहुधा कमी येणारा, तरीही चाळिशीपर्यंत जगलेला माणूस. एरिक ट्रिंकॉस यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. इतक्या अपंग माणसाला इतरांनी सांभाळले असणार, हा निष्कर्ष सर्वसाधारणपणे मानला जातो, आणि तो थरावर नाही, हाडांतल्या भरून आलेल्या जखमांवर उभा आहे हे लक्षात घ्यावे.

क्रमांक ४ वरून मात्र वाद पेटला. त्याच्याभोवतीच्या मातीचे नमुने पॅरिसमध्ये आर्लेत लेरॉ-गुर्हां यांनी तपासले तेव्हा काही ठिकाणी परागकणांचे गुच्छच्या गुच्छ मिळाले. एकेकटे परागकण वाऱ्याने येतात, गुच्छ येत नाहीत. अख्खी फुले तिथे आली असणार. सोलेकी यांनी त्यातून फुलांवर निजवलेल्या मृताचे चित्र रेखाटले आणि १९७१ च्या पुस्तकात निअँडरथलांना पहिले पुष्पप्रेमी ठरवले. अमेरिकेत तेव्हा हिप्पींचा काळ चालू होता, हे या चित्राच्या लोकप्रियतेमागचे एक कारण असावे.

१९९९ मध्ये जेफ्री सॉमर यांनी वेगळा संशयित पुढे केला: पर्शियन जर्ड नावाचा उंदरासारखा प्राणी, जो बिळात फुलांचे तुरे साठवतो. शानिदरच्या मातीत त्याची बिळे होती हे सोलेकी यांच्या नोंदींतही होते. २०२३ मध्ये ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी परागकणांकडे पुन्हा पाहिले. एकाच गुच्छात वेगवेगळ्या फुलांचे परागकण मिसळलेले होते, आणि त्यातली काही फुले एकाच हंगामात फुलत नाहीत. एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत घरटी करतात आणि परागकणांचे गोळे साठवतात. तशी बिळे गुहेच्या त्या भागात होती. सध्या मधमाश्यांची बाजू वरचढ आहे.

इथे गोष्ट संपवण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण २०१४ मध्ये केंब्रिजचे ग्रॅम बार्कर कुर्दिस्तानच्या पुरातत्त्व खात्याबरोबर या गुहेत पुन्हा गेले. ‘इस्लामिक स्टेट’च्या हल्ल्यांमुळे काम थांबले, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाले. २०१८ मध्ये, क्रमांक ४ च्या अगदी लगत, नवा सांगाडा मिळाला. त्याला ‘शानिदर झेड’ म्हणतात. एमा पॉमरॉय यांच्या अभ्यासानुसार ती बहुधा चाळिशी उलटलेली बाई, ७० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. कवटी दबून पापुद्र्यासारखी झाली होती, पण हाडे जागच्या जागी होती, डावा हात डोक्याखाली वळवलेला, आणि डोक्यामागे एक दगड. मातीच्या कापांवरून असे दिसते की देह पाण्याने झालेल्या एका घळीत ठेवला गेला आणि ती घळ मुद्दाम आणखी कोरली गेली असावी. जवळजवळ त्याच जागेत, एका मोठ्या शिळेशेजारी, आणखी काही देह आहेत, वेगवेगळ्या वेळी ठेवलेले.

म्हणजे ज्या पुराव्यावर शानिदरचे नाव झाले तो गळाला, आणि ज्याकडे सोलेकी यांना नीट पाहता आले नव्हते तो आज जास्त वजनदार ठरतो आहे. लोक एकाच जागी परत परत मृत का आणत होते? किती वर्षांच्या अंतराने? अंतर दशकांचे असेल तर आठवण म्हणता येईल. हजार वर्षांचे असेल तर ती शिळा निवाऱ्याची सोयीची जागा होती एवढेच म्हणावे लागेल. कालमापनाची आजची अचूकता हे अंतर दाखवायला पुरत नाही. आणि वरच्या थरांतल्या काही सांगाड्यांवर छताचे दगड कोसळलेले आहेत, ते लोक अपघातात गेले असावेत. एकाच गुहेत दोन्ही प्रकार आहेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेचा वाद अजून कच्चा आहे, म्हणून थोडक्यात. २०१३ पासून ली बर्गर यांच्या गटाने तिथे ‘होमो नालेदी’ या लहान मेंदूच्या मानवाची दीड हजारांहून अधिक हाडे काढली, वय सुमारे अडीच ते साडेतीन लाख वर्षे. तिथे जाणारी वाट काही ठिकाणी वीतभरही रुंद नाही. २०२३ मध्ये त्यांनी हे दफन असल्याचा दावा केला. परीक्षकांनी आणि इतर तज्ज्ञांनी खड्ड्याचा पुरावा अपुरा ठरवला, मातीच्या रासायनिक विश्लेषणावरही आक्षेप आले. २०२५ मध्ये सुधारित मांडणी आली आणि मतभेद काहीसे निवळले, मिटले नाहीत. प्रसिद्धी आधी आणि परीक्षण नंतर या क्रमामुळे वाद अकारण कडवट झाला, असे माझे मत.

वरचा थर, खालचा थर

थर जसा साचला तसाच राहिला, हेही गृहीत धरता येत नाही. फ्रान्समधल्या आर्सी-सुर-क्यूर इथली ‘रेनडिअरची गुहा’ याचे चांगले उदाहरण. आंद्रे लेरॉ-गुर्हां (शानिदरचे परागकण तपासणाऱ्या आर्लेत यांचे पती) यांनी १९४९ ते १९६३ मध्ये ती खणली. निअँडरथलांचे दात ज्या थरात होते त्याच थरात भोके पाडलेले दातांचे दागिने मिळाले. निअँडरथल दागिने घालत होते, असा अर्थ झाला.

२०१० मध्ये टॉम हायम यांच्या गटाने रेडिओकार्बनने त्या थरांतल्या वस्तूंचे वय मोजले तेव्हा आकडे हजारो वर्षांनी विखुरलेले आले. थर मिसळले आहेत, दागिने वरून खाली आले असावेत, असे त्यांनी म्हटले. लगेच फ्रांस्वा कारों, फ्रान्चेस्को देरिको आणि झ्वाओ झिल्याव यांनी वस्तूंची उभी विभागणी दाखवून विचारले, की दागिने खाली आले तर त्यांच्यासोबतची वरच्या काळातली हत्यारे का आली नाहीत? २०१२ च्या नव्या मोजमापात आकडे बरेच सुसंगत आले. २०१६ मध्ये हाडांच्या तुकड्यांतल्या प्रथिनांनी निअँडरथलांना दुजोरा दिला. २०२३ मध्ये मात्र त्याच थरांतले नवजात बाळाचे एक कटिहाड निअँडरथलांसारखे नसून आधुनिक मानवाच्या जवळचे आहे, असा अभ्यास आला. तेव्हा दागिने कोणाचे, हा प्रश्न पुन्हा उघडा आहे.

डीएनएने यात नवी वाट काढली आहे. २०१७ पासून गुहेच्या नुसत्या मातीतून, हाड नसतानाही, निअँडरथल आणि डेनिसोवन हा दुसरा नामशेष मानवगट यांचा डीएनए मिळू लागला. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत सातशेहून अधिक नमुन्यांवरून कोण केव्हा होते याचा आराखडा निघाला. कोण होते हे कळते, काय करत होते हे कळत नाही. अपवाद एक: त्याच गुहेतल्या हरणाच्या दाताच्या लोलकातून २०२३ मध्ये तो हाताळणाऱ्या स्त्रीचा डीएनए वस्तूला इजा न करता मिळवला गेला. आर्सीच्या दागिन्यांना ही पद्धत लावता आली, तर वर सांगितलेला वाद एका फटक्यात कुठेतरी सरकेल.

कुठे अडले आहे

पद्धतींबद्दल आज बऱ्यापैकी एकमत आहे. अडते ते पुराव्याचा भार कोणावर टाकायचा इथे. एका बाजूचे म्हणणे, की निसर्गाने घडणे शक्य नाही हे सिद्ध होईपर्यंत मानवी हेतू मानू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की ही कसोटी निअँडरथलांनाच लावली जाते. आपल्या स्वतःच्या जातीच्या त्याच काळातल्या सांगाड्यांजवळ खड्ड्याची कड दिसली नाही तरी दफन बिनतक्रार मानले जाते. हा आक्षेप मला रास्त वाटतो, पण त्यावरचा उपाय कसोटी सैल करणे हा नव्हे; ती दोघांनाही लावली तर आधुनिक मानवाची काही ‘दफने’ही यादीतून जातील.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. जुन्या उत्खननांत माती चाळून फेकली गेली. चराच्या कडेला उभी उरलेली भिंत एवढेच नव्या पद्धतींच्या वाट्याला येते, आणि शानिदरसारखे नशीब प्रत्येक गुहेचे नसते.

आपल्याकडे

भारतीय प्रागितिहासाची घडण गुहांपेक्षा नद्यांच्या काठांवर झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हसमुख सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवाशाला आणि इतरत्र नदीच्या गाळातले थर वाचले. हत्यार वाहून आले की जागेवरचे आहे, हा प्रश्न आपल्याकडे नदीच्या संदर्भात आला. पुढे डेक्कन कॉलेजचेच के. पद्दय्या यांनी कर्नाटकातल्या हुणसगी परिसरात थर कसा बनतो याचा काटेकोर अभ्यास केला.

गुहांपैकी आंध्रातल्या कर्नूल परिसरातल्या बिल्ला सुरगम गुहांना जुना मान. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८० च्या दशकात तिथे हाडांची हत्यारे मिळाल्याचे नोंदवले; ती खरोखर हत्यारेच होती का, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. ब्रेन यांच्या पद्धतीने हाडे वाचण्याचा आपल्या उपखंडातला चांगला नमुना श्रीलंकेत आहे: फा हियेन-लेना गुहेतल्या सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत माकडे आणि मोठ्या खारी यांच्या हाडांवर कापल्या-भाजल्याच्या खुणा दाखवून तिथल्या लोकांची वर्षावनातली शिकार सिद्ध झाली आहे.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या शैलनिवाऱ्यांची ओळख वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये करून दिली. डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७० च्या दशकात तिथला तीन-एफ २३ हा निवारा खणला. तळाशी हातकुऱ्हाडींच्या काळापासून वर मध्याश्मयुगापर्यंत अखंड क्रम आणि खालच्या थरांत दगडी फरशा घातलेल्या जमिनी, असे त्यांचे वाचन. त्यातल्या फरशा रचलेल्या किती आणि वालुकाश्माच्या छतावरून गळालेल्या किती, हे आजच्या पद्धतीने ठरवायचे तर मातीचे काप लागतील, फरशांच्या कलाची मोजदाद लागेल. हाडे या निवाऱ्याच्या खालच्या थरांत टिकलेली नाहीत, त्यामुळे कापल्याच्या खुणांची साक्ष मिळणार नाही. तळाच्या थरांचे वयही अजून पक्के झालेले नाही. दरम्यान २०२१ मध्ये तिथल्या ‘ऑडिटोरियम’ निवाऱ्याच्या छतावर पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जिवाचा ठसा मिळाल्याचे जाहीर झाले, आणि दोन वर्षांत उलगडा झाला की ते गळून पडलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचे उरलेले मेण आहे.